निगेटिव्ह मार्किंग नसलेलं एक टेबल

(लातूर आणि नांदेडच्या क्लासचालक सरांना खुलं पत्र)

आदरणीय सर,

हे पत्र एकाला नाही, तुम्हा सगळ्यांना आहे. लातुरात उद्योग भवनाच्या आजूबाजूला ज्यांचे वर्ग भरतात त्यांना, आणि नांदेडात भाग्यनगर-बाबानगरच्या गल्ल्यांत ज्यांचे फ्लेक्स लागतात त्यांनाही. मुलं तुम्हाला फिजिक्सचे सर, केमिस्ट्रीचे सर म्हणून ओळखतात. मीही 'सर'च म्हणतो.

मी गंजगोलाईच्या मागं ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. १९१७ साली बांधलेल्या त्या गोल बाजाराला सोळा रस्ते फुटतात आणि सोळाही रस्त्यांनी माझ्याकडं कुणाचा ना कुणाचा बिघडलेला आवाज येतो. कधी देवळाचा भोंगा, कधी भजनी मंडळाचा माईक, कधी बँजो पार्टीचा बॉक्स. तुमच्या वर्गातले कॉलर माईकही येतात. भरलेल्या हॉलमध्ये तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, त्यात माझ्या सोल्डरचा एखादा थेंब आहे. तेवढ्या ओळखीवर हे लिहितोय.

पत्रास कारण, एक डबी.

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे पायाशी धातूचा एक छोटा डबा ठेवतात. त्याला पेडल म्हणतात. गिटारची वायर एका बाजूनं आत जाते, दुसऱ्या बाजूनं ॲम्प्लिफायरकडं निघते. पायानं खटका दाबला की गोड आवाज गुरगुरायला लागतो. आपल्या लग्नाच्या वरातीतले बँजोवालेही हल्ली ही डबी मागतात. ज्याला आपण बँजो म्हणतो ते मुळात जपानी वाद्य. १९१२ साली नागोयात जन्मलेलं ताईशोगोतो हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं, आणि महाराष्ट्रातल्या पोरांनी त्याला पिकअप लावून रस्त्यावर उतरवलं. २०१६ साली आपल्या लातूरच्या रितेश देशमुखांनी 'बँजो' नावाचा सिनेमा केला तो याच वाद्यावर.

असाच एक बँजोवाला दोन वर्षांमागं माझ्याकडं आला. म्हणाला, "मास्तर, आवाज फाडायची डबी पायजे, पण कंपनीची परवडंना." मी सर्किट काढून बघितलं आणि मला हसू आलं. ट्यूब स्क्रीमर नावाचं जगभर गाजलेलं जपानी पेडल आहे, १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं. त्याच्या पोटात ४५५८ नंबरचा आठ पायांचा आयसी. हाच आयसी आपल्याकडच्या होम थिएटरच्या बास-ट्रेबलच्या पट्टीवर बसतो. माझ्या ड्रॉवरमध्ये त्याची पुडी कायम पडलेली असते. सोबत उलटसुलट जोडलेले दोन डायोड. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६-०.७ व्होल्टला वाहायला लागतो, आणि तिथं आवाजाच्या लहरीचं डोकं दाबलं जातं. ते दाबलेलं डोकं म्हणजेच ती गुरगुर. तुमच्या वर्गातलं प्रत्येक पोर हा ०.६-०.७ चा आकडा झोपेत सांगेल. ऐकलाय किती जणांनी?

एकानं ऐकला. देगलूरकडचा मुलगा, नीटचा रिपीटर. गिटारची वायर तुटली म्हणून आला होता. मी बँजोवाल्याची डबी तपासत होतो. दोन डायोडांपैकी एक काढून आवाज ऐकवला, परत लावून ऐकवला. पोरगं अर्धा तास जागचं हललं नाही. मग म्हणालं, "मामा, मला एक करायचीय." पुढचे चार रविवार, तुमची टेस्ट संपली की तीन ते पाच, तो माझ्या दुकानात होता. त्या चार रविवारांची हकीकत तुमच्या कानावर घालायचीय.

सर्किट दुसऱ्याच रविवारी वाजलं. त्यात नवल नाही, पोरगं हुशार. खरं रामायण डब्याच्या अंगावर झालं.

डबा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेला, ओतीव ॲल्युमिनियमचा, ११२ बाय ६० मिलिमीटर. त्यावर चित्र काय लावायचं? पोरानं खिशातून घडी घातलेली ओएमआर शीट काढली. सराव परीक्षेची. काळे केलेले गोल आणि शेजारी लाल पेनानं मारलेल्या फुल्या. "हीच लावू," म्हणाला, "वरून काचेसारखं पारदर्शक करू." म्हणजे इपॉक्सी. हल्ली लोक लग्नाच्या वरमाला ज्यात गोठवून भिंतीवर टांगतात, तेच. नळाच्या जोडाला आपण दोन वड्या मळून एम-सील लावतो, तीही इपॉक्सीच, फक्त ती अपारदर्शक आणि ही पाण्यासारखी. एक बाटली रेझिनची, एक हार्डनरची.

बाटलीवर लिहिलं होतं, दोनास एक. पोरानं सोनाराचा छोटा काटा आणला, वीस ग्रॅम रेझिन, दहा ग्रॅम हार्डनर, पॉइंटाचाही फरक नाही. दोन डबे भरतील एवढं. हळूहळू ढवळलं, कडेचं खरवडून घेतलं, ओतलं. दुसऱ्या रविवारी आला तर डबा तसाच. बोट लावलं की ठसा उठतो.

"मामा, हे चिकटच राहायलंय की."

मी सांगितलं असतं, पण सांगितलं नाही. म्हणालो, बाटली पुन्हा वाच. त्यानं वाचली आणि कपाळाला हात लावला. दोनास एक हे माप आकारमानाचं होतं, वजनाचं नाही. रेझिन पाण्याहून जड, मिलिलिटरला साधारण १.१५ ग्रॅम, हार्डनर जरा हलकं, ०.९५ च्या आसपास. तिथंच पाठकोऱ्या बिलावर त्यानं गणित मांडलं. वीस ग्रॅम रेझिन म्हणजे १७.४ मिलिलिटर, त्याला ८.७ मिलिलिटर हार्डनर, म्हणजे सव्वाआठ ग्रॅम. घातलं होतं दहा. पावणेदोन ग्रॅम जास्तीचं.

"पण मामा, हार्डनर जास्त झालं तर उलट लवकर घट्ट व्हायला पायजे ना?"

सर, हा प्रश्न सोन्यासारखा आहे. फायबरच्या टाक्या करणारे कारागीर पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यात हार्डनर म्हणून जे थेंब टाकतात ते फक्त काडी लावतात, त्यामुळं थेंब वाढवले की काम लवकर होतं. इपॉक्सीत तसं नाही. इथं हार्डनर जाळ्याचा अर्धा धागा असतो. रेझिनच्या प्रत्येक टोकाला हार्डनरचा एक हायड्रोजन लागतो. जास्त झालेल्यांना जोडीदार मिळत नाही, ते मोकळे लोंबकळत राहतात, आणि डबा चिकट राहतो. मी एवढं सांगितलं आणि पोरगं माझ्या तोंडाकडं बघतच राहिलं.

"म्हणजे लिमिटिंग रीएजंट?"

तो शब्द मला कुठला माहीत असायला. पण त्याच्या डोळ्यांत काय झालं ते मी बघितलं. वर्षभर त्यानं मोल कन्सेप्टची शेकडो गणितं सोडवली होती. त्या दिवशी ते गणित त्याच्या अंगठ्याला चिकटलं होतं. मग तो थांबेचना. मोबाईलवर शोधून शोधून त्यानं मला उलट शिकवलं. साध्या रेझिनचा एक जोड साधारण १९० ग्रॅममागं असतो. हार्डनरमधल्या एका साध्या अमाइनचा, ट्रायइथिलीन टेट्रामाइनचा, रेणुभार १४६ आणि त्यात कामाचे हायड्रोजन सहा, म्हणजे एकामागं २४ ग्रॅम आणि वर थोडे. म्हणून शंभर भाग रेझिनला हे अमाइन तेरा भाग पुरतं. "बाटलीतलं मिश्रण वेगळं असतंय मामा, म्हणून त्यांचं माप वेगळं. पण हिशोब हाच."

बारावीच्या बोर्डाच्या पुस्तकात पॉलिमरचा धडा आहे. नीटच्या अभ्यासक्रमातून तो २०२४ पासून गेला. त्यामुळं तुमच्या वर्गात तो आता कुणी उघडत नसेल, आणि तुमचा त्यात दोष नाही. बाजारात जे मागतात तेच दुकानदार ठेवतो, मीही तेच करतो. पण धडा गेला तरी पदार्थ कुठं गेलाय? तो फरशीच्या फटीत आहे, मोटारीच्या वाइंडिंगमध्ये आहे, दातांच्या डॉक्टरच्या कपाटातही त्याचे भाऊबंद आहेत.

चिकट डबा आम्ही पत्र्यानं खरवडला, स्पिरिटनं पुसला. तेव्हा दुसरी चूक दिसली. कागद तसाच चिकटवल्यामुळं रेझिन आत मुरलं होतं. कागद तेल लागल्यासारखा पारदर्शक होऊन पाठीमागच्या सूचना पुढं उमटल्या होत्या. बॉलपेनची शाई पसरून गोलांना निळसर काळी झाक आली होती. शीट गेली. पण पोरानं आधी तिची झेरॉक्स काढून ठेवली होती. झेरॉक्सची काळी पूड रेझिनमध्ये सहसा पसरत नाही, आणि पाठ कोरी. या वेळी जाड कागद, फेविकॉल पातळ करून वरून दोन हात, प्रत्येक हात कोरडा होईपर्यंत दम धरायचा. कागदाची रंध्रं बुजली की रेझिन वरच राहतं.

तिसरी चूक माझी. उन्हाळा होता. दुपारी तीनला मी ऐटीत म्हणालो, आण इकडं, मी दाखवतो. एका खोल कपात सगळं एकदम कालवलं आणि गप्पा मारत बसलो. दहा मिनिटांत कप हाताला चटका देऊ लागला, मग धूर, मग कपातच पिवळट दगड. पारा दहा अंशांनी चढला की मिश्रण हातात राहण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. बाटलीवरची चाळीस मिनिटं पंचवीस अंशांची असतात. आपल्या लातूरच्या चाळीसला ती पंधरासुद्धा उरत नाहीत, त्यात खोल कपात स्वतःची उष्णता स्वतःलाच कोंडते. पोरगं पोट धरून हसलं. हसू दिलं. त्याच्या सरांचा असा कप जळालेला त्यानं कधी बघितलेला नाही.

पुढच्या रविवारी त्यानं सकाळची बॅच बदलून घेतली आणि सहाला दुकान उघडलं. आता त्याचं काम बघण्यासारखं होतं. भोकं आधीच पाडलेली, कडा कानसीनं मारलेल्या. खटक्याचं बारा मिलिमीटर, कंट्रोलची सात, दिव्याचं पाच, बाजूला पी-३८ च्या दोन सॉकेटची. डबा साबणानं धुऊन, वाळवून, मग बोट न लावता उचललेला, कारण बोटाचं तेल लागलं तर तिथं रेझिन फाटून गोल खड्डा पडतो. प्रत्येक भोकाला आतून चिकटपट्टी आणि वर नटाएवढी टिकली, म्हणजे नट पुढं धातूवर बसेल, इपॉक्सीवर नाही. हे त्याला मी सांगितलं होतं: साधी इपॉक्सी पन्नास-साठ अंशांना मऊ पडते, आणि मे महिन्यात ऑर्केस्ट्राच्या टेंपोत पत्र्याखाली तेवढं सहज होतं. नट खाली रुततो, कंट्रोल डुगडुगतो.

डबा बाटलीच्या चार झाकणांवर उचलून ठेवला. मग त्यानं पाणसळ मागितली. गवंड्याची पाणसळ काचेच्या टेबलावर आडवी-उभी फिरवत, एका पायाखाली आगपेटीची काडी सरकवत होता. रेझिन पाण्यासारखं स्वतः सपाट होतं, पण टेबल कललेलं असेल तर ते कललेलंच सपाट होतं. हात मोज्यांत, खिडकी उघडी. हा माल कातडीला वारंवार लागला तर खाज सुरू होते आणि एकदा सुरू झालेली जन्मभर पाठ सोडत नाही. या वेळी मापाला औषधाच्या दोन सिरिंज. उथळ ताटलीत तीन मिनिटं मोजून ढवळलं, दुसऱ्या ताटलीत ओतून पुन्हा ढवळलं. मध्यभागी ओतलं आणि हात मागं घेतला. रेझिन सावकाश कडांपर्यंत गेलं, वळलं, खाली उतरलं. वर आलेले बुडबुडे मी ब्लोअरच्या मंद हवेनं फोडले. खालच्या कडेला जमणारे थेंब त्यानं दर दहा मिनिटांनी मोज्याच्या बोटानं पुसले. मग प्लास्टिकचा टब उपडा झाकला, आणि दिवसभर कुणी हात लावायचा नाही.

संध्याकाळी टब उचलला. काचेखाली काळे गोल, फुल्या, झळझळीत. आणि एका कोपऱ्यात एक चिलट, पंख पसरून, कायमचं. मी म्हणालो, पॉलिश पेपरनं घासू, पाणी लावून चारशे नंबरनं, वरून पुन्हा एक थर देऊ. आतलं काढता येतं. तो म्हणाला, "राहू द्या मामा."

सर, तुमच्या परीक्षेत बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्याला वजा एक. ७२० मार्कांच्या त्या पेपरला हा नियम लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की मुलाच्या दिवसातले सगळे तास त्याच नियमावर चालतात. शंका असली तर गोल कोरा ठेवायचा, ही सवय त्याच्या हातात उतरते. पहिल्या रविवारी त्या पोरानं दर मिनिटाला विचारलं होतं, "बरोबर हाय का?" चौथ्या रविवारी एकदाही विचारलं नाही. बिघडलं तर घासता येतं, हे त्याला कळलं होतं.

लातूर पॅटर्नचं मला मोल आहे. शाहू कॉलेजनं, दयानंदनं जे उभं केलं त्यातून कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर झाली. माझ्या आईचं ऑपरेशन अशाच एकानं केलं. पण हेही बघा. ज्या भागाच्या नावात अजून 'उद्योग' आहे, तिथं आज एक ड्रिल मशीन सार्वजनिक वापराला मिळत नाही.

हाताचं काम कसं टिकतं ते मिरजेत बघा. २०१६ च्या एप्रिलमध्ये, दुष्काळात, तिथूनच पाण्याची रेल्वे लातूरला आली. ज्या गावानं पाणी दिलं त्याचं नाव वाद्यांसाठी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या सतारी पहिल्यांदा केल्या कुणी? शिकलगारांनी. तलवारी पाजळणारं घराणं. एकोणिसाव्या शतकात तलवारीचं काम सरलं, तेव्हा तेच हात वाद्याकडं वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, वर लाखेचं पॉलिश. धातूला झळाळी आणणाऱ्या हातांना लाकडाला झळाळी आणायला फार वेळ लागला नाही. शिकलगार आपल्या नांदेडातही आहेत. गुरुद्वाऱ्याच्या परिसरात आजही कृपाणी घडतात. हुन्नर एका धंद्यातून दुसऱ्यात असा चालत जातो. पण त्याला बसायला जागा लागते, आणि शेजारी कुणीतरी मोठं माणूस लागतं जे चूक दिसली तरी लगेच सांगत नाही.

म्हणून मागणी. तुमच्या इमारतींच्या गच्चीवर एखादी खोली असते, जुने बाक आणि फ्लेक्सच्या फ्रेमा ठेवायची. ती द्या. रविवारी टेस्टनंतर दोन तास. खिडकी उघडी पाहिजे, एक पंखा, एक भक्कम टेबल, एक ड्रिल, एक सोल्डरिंग आयर्न, मोज्यांचा खोका. पेडलच करायचं असं नाही. कुणी रेडिओ करील, कुणी गावाकडच्या पंपाचा स्टार्टर उघडील, कुणी नुसतं बघत बसेल.

दोन अटी मात्र घालतो. त्याची बॅच करू नका. फी नको, हजेरी नको, सर्टिफिकेट नको, आणि कुणाची डबी चांगली झाली म्हणून फ्लेक्सवर फोटो नको. दुसरी, तुम्हीही कधी वर या. फिजिक्सच्या सरांनी डायोड उलटा लावावा आणि पोरांनी तो शोधावा. केमिस्ट्रीच्या सरांनी भर दुपारी खोल कपात रेझिन कालवावं. धूर निघेल. पोरं हसतील. सोमवारी मोल कन्सेप्ट कसा उतरतो बघा.

पालक विचारतील, यानं मार्क वाढतील का? मला माहीत नाही, आणि वाढतील म्हणून सांगून ही खोली मागणार नाही. त्यांना एवढंच सांगा, की पोरगं दोन तास कुठं होतं ते आम्हाला माहीत आहे.

तो मुलगा परीक्षा देऊन गावी गेला. जाण्याआधी डबी घ्यायला आला तेव्हा खटक्यावर बोट ठेवून म्हणाला, "मामा, बघितलंत का? हे भोक सत्तेचाळिसाव्या प्रश्नावर आलंय. चुकला होता तो." मुद्दाम नव्हतं, भोक मध्यभागीच पाडायचं असतं. त्यानं गिटार जोडली आणि त्याच प्रश्नावर पाय दिला. दुकानाच्या पत्र्याला कंप सुटला. समोरचा भांडेवाला बाहेर येऊन बघायला लागला.

खोलीचं कळवा, सर. टेबल मी आणतो, पाणसळही माझीच.

आपला नम्र,
गंजगोलाईमागचा एक ॲम्प्लिफायर दुरुस्तीवाला
लातूर